दस्तगीर, शिंक माझी होती

काल संध्याकाळी तुझी शोकसभा झाली, दस्तगीर, आणि तिच्यात मी तुला पुन्हा एकदा शिंकायला लावलं.

सभा तालमीच्या हॉलात होती. दारात तुझा फ्लेक्स लावलाय. फोटो तोच, पासपोर्टचा, ज्यात तू फोटोग्राफरवर दावा लावणार असल्यासारखा बघतोस. तुझ्याभोवती सतरा जिवंत माणसांचे फोटो आहेत, सगळे तुझ्यापेक्षा मोठे. त्यातले चार गॉगल घालून दुःखात आहेत आणि एकजण मोबाइल कानाला लावून. तुला श्रद्धांजली वाहताना त्याला कुणाचा फोन आला देव जाणे.

पहिलं भाषण एका माजी नगरसेवकाचं. ते म्हणाले, "दस्तगीरभाई म्हणजे मनमिळाऊ, मितभाषी आणि सदा हसतमुख व्यक्तिमत्त्व." मी उठून दारातल्या फ्लेक्सवरचं नाव परत वाचून आलो. मनमिळाऊ? त्या हॉलात बसलेल्या निम्म्या लोकांशी तू बोलत नव्हतास आणि उरलेल्या निम्म्यांनी तुझ्याशी बोलणं सोडलं होतं. या वक्त्यांची बोअरची मोटर दुरुस्त करून झाल्यावर तू त्यांना भर अंगणात म्हणाला होतास, "मोटरीला काय झालं न्हवतं, बटन दाबायला अक्कल लागती." हसतमुख तर तू झोपेतही नव्हतास. परदेशात कारखान्याच्या क्वार्टरमध्ये तीन वर्षं मी तुझ्या शेजारच्या खाटेवर काढली आहेत, त्यामुळे हे मी साक्षीदार म्हणून सांगतो.

तुझ्याकडे जगासाठी एकच शब्द होता. "हॅ." हनुवटी जरा वर, अर्धा आवाज नाकातून, अर्धा घशातून. लाल दिव्याची गाडी गेली, हॅ. भारत जिंकला, हॅ. भारत हरला, तोच हॅ. माझी बीएस्सी केमिस्ट्रीची पदवी मी तुला पहिल्यांदा सांगितली तेव्हाही तो मिळाला होता, आणि सोबत एक प्रश्न: "मग उसाचा रस गोड हाय का न्हाय ह्ये कळाय पंधरा वर्सं शिकलास व्हय?"

तर सभेत शेवटी मला उठवलं. मी खिशात कागद नेला होता. त्यावर चार चांगली वाक्यं होती. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "केमिस्टसाहेब, ती माकडाची सांगा की."

शोकसभेत, दस्तगीर. उदबत्ती अजून निम्मीसुद्धा जळली नव्हती.

आणि मी सांगितली. हातवारे करून सांगितली. गेटवर तू कसा शिंकलास, बंदूकवाली बाई कशी भडकली, तुला कसं बाहेर झाडाखाली बसवलं, आणि मी एकटा आत जाऊन चिंपांझी कसे बघून आलो. तुझी शिंक मी इतकी हुबेहूब काढली की अध्यक्षांना हसून ठसका लागला. नंतर दोघांनी पाठीवर थाप मारून सांगितलं, सभा रंगली. मी घरी चालत आलो, आणि रस्त्यात माझं मलाच इतकं ओंगळ वाटलं की मंगळवार पेठेतल्या ओळखीच्या माणसांचे नमस्कारही घेतले नाहीत. तू असतास तर काय म्हणाला असतास ते माहीत आहे. एकच अक्षर आहे ते.

म्हणून आता जे झालं ते लिहून टाकतो. ज्यांनी गोष्ट ऐकली आहे त्यांनी ती विसरावी, आणि ज्यांनी ऐकली नाही त्यांचं नशीब चांगलं.

कोल्हापूरचा माणूस युगांडात काय करतो, असं विचारणाऱ्याने साखर फक्त चहात पाहिलेली असते. नव्वदच्या दशकात आपल्या भागातली कितीतरी माणसं तिकडच्या साखर कारखान्यांत होती. तू कसबा बावड्याचा, मिलचा फिटर. मी लॅबमधला केमिस्ट, रसाच्या बाटल्या हलवणारा. दोघांना एक क्वार्टर, एक स्टोव्ह आणि एक आरसा. स्टोव्ह तू घेतलास, आरसा मी. माझ्या बॅगेत आईने दिलेली कांदा-लसूण चटणी फुटली होती आणि माझे पांढरे शर्ट तीन वर्षं भगवे राहिले, ते तू तिथल्या प्रत्येक नव्या माणसाला माझी ओळख म्हणून सांगायचास.

चिंपांझींचं खूळ माझं. कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर एक रंगीत पत्रक पडलं होतं. चारेक तासांवर जंगल आहे, रेंजरबरोबर पायी आत जायचं आणि रानातले चिंपांझी बघायचे. पिंजरा नाही, काही नाही. मला प्राण्यांचं प्रेम वगैरे काही नव्हतं, हे इथेच कबूल करतो. परदेशातून कोल्हापुरात परतणाऱ्या माणसाकडे एक गोष्ट असावी लागते. टेपरेकॉर्डर तर आता सगळेच आणत होते. गोष्ट पाहिजे होती. साखरेच्या पोत्यांची गोष्ट कोण ऐकणार?

तू पत्रक उलटंपालटं केलंस. "माकडं बघाय जंगलात? जोतिबाच्या डोंगराला जा की. फुटानं दिऊन बघ, चष्मा बी घिऊन जातंय, धोतर बी."

"माकड नव्हे रे ते. कपी आहे, माणसाच्या कुळातलं. शेपूट नसतं."

"शेपूट नसलं म्हणून काय माणूस हुतंय व्हय? आपला सुपरवायझर बघ की."

हा वाद आपला पुढे वर्षानुवर्षं चालला आणि मिटला नाही. मी जात, कूळ, उत्क्रांती सगळं काढायचो. तू सुपरवायझर काढायचास. आता तो तसाच राहिला. तुझी बाजू जरा वरचढ राहिली, कारण शेवटी त्या जंगलात माणसासारखं कोण वागलं आणि माकडासारखं कोण, हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं.

तुझा हॅ एकाच गोष्टीने मोडला. मी पत्रकातलं शेवटचं वाक्य वाचून दाखवलं: चिंपांझी काडी तोडतो, तिची पानं सोलतो, ती मापात मोडतो आणि झाडाच्या ढोलीत घालून मध काढतो. तू पाना पुसत होतास. पुसायचा थांबलास.

"मापात मोडतंय?"

"असं लिहिलंय."

"म्हंजे हत्यार करतंय."

"हो."

"कुनी शिकीवलं?"

"आईचं बघून शिकतं म्हणे."

तू हातातला पाना उलटसुलट करून बघितलास. मग म्हणालास, "फिटर हाय मर्दा त्यो." तुझ्या तोंडून कुणाबद्दल एवढं मोठं विशेषण मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. त्या दिवसापासून जायचं तूच धरलंस. कारखान्याची पिकअप मागितलीस, तिचे ब्रेक स्वतः बसवलेस, कॅमेऱ्याला रोल आणलास. घरी पत्रात लिहिलंस की फिटरचा फोटो काढून आणतो. आणि तू, जो मालकासमोरही ग्रीसच्या कपड्यांत उभा राहायचास, त्या दिवशी ईदचा शर्ट घालून तयार झालास. मी हसलो. तू म्हणालास, "हसू नगं. त्येच्याकडं जातूय. तुझ्यासंगं न्हाय."

आता माझी सर्दी. दोन दिवस नाक वाहत होतं. तू म्हणालास, ह्येला एकच औषध. पहाटे उठून कोंबडी कापलीस आणि तांबडा रस्सा केलास, असा की शेजारच्या क्वार्टरमधला बिहारी इंजिनियर खोकत बाहेर आला. तीन वाट्या पाजल्यास. नाक मोकळं होईल, म्हणालास. झालं. नळ पार मोकळा झाला, फक्त बंद होईना. आणि उंबऱ्यातून पाय बाहेर टाकतोय तोच मला शिंक आली.

"बस खाली," तू म्हणालास. "निघताना शिंकलास. पाणी पी."

मी बसलो. पाणी प्यालो. पाच मिनिटांनी उठलो आणि डोक्यातून विषय काढून टाकला. विज्ञानाचा पदवीधर मी. जंतू आणि लागण यांवर पेपर लिहून पास झालेला. पण शिंकेचा दोष पाणी पिऊन गेला, आता काळजी नाही, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. आपल्याकडच्या माणसाला शिंक म्हटलं की शकुन आठवतो, रुमाल आठवत नाही.

जंगलाच्या गेटवर आठ गोरे होते. पँटीला इतके खिसे की त्यांच्या घरी कपाट नसावं. बुटांपासून टोपीपर्यंत सगळे मातकट रंगात, जणू चिंपांझीने ओळखलं तर उधारी मागेल. मी त्यांना नावं ठेवत होतो आणि माझ्या अंगात भगवा शर्ट होता आणि गळ्यात टॉवेल.

रेंजर बाई होती, ग्रेस. बुटकी, खांद्यावर तिच्याएवढी बंदूक. नियम सांगितले. जवळ जायचं नाही, खायचं नाही, पळायचं नाही. आणि मग ती थांबली. म्हणाली, "कुणाला सर्दी, खोकला, ताप असेल तर आत येऊ नका. तुमची साधी सर्दी त्यांना होते. पिल्लं मरतात. मी मेलेली पिल्लं उचलली आहेत."

मी श्वास धरून उभा. तू माझ्या डावीकडे होतास, गळ्यात कॅमेरा, तो दोन्ही हातांनी धरलेला.

आणि मी शिंकलो.

ग्रेस पाठमोरी होती, गोऱ्यांना काठ्या वाटत होती. गर्रकन वळली. "कोण शिंकलं?"

त्या वेळी विचार वगैरे करायला सवड नव्हती असं मी स्वतःला दहा वर्षं सांगत आलो. होती. चांगली दोन-तीन सेकंदं होती. तेवढ्यात मला सगळं दिसलं: परतीचा रस्ता, कोल्हापूर, टपरी, आणि सांगायला गोष्ट नाही. मग माझा उजवा हात वर झाला आणि त्याने तुझ्याकडे बोट दाखवलं.

तू माझ्या बोटाकडे बघितलंस. मग माझ्याकडे. मला वाटलं आता कानाखाली बसते. ग्रेस तुझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तू?"

तू म्हणालास, "हॅ."

ते तिच्यासाठी नव्हतं. मग तिच्याकडे वळून म्हणालास, "यस मॅडम. मी. कोल्ड."

कॅमेरा गळ्यातून काढलास, माझ्या गळ्यात अडकवलास आणि म्हणालास, "मध काढतंय त्यो हात नीट बघ. कुठल्या हातात काडी धरतंय, कशी फिरवतंय. फोटू नीट काढ." आणि झाडाखालच्या बाकड्यावर जाऊन बसलास. ईदच्या शर्टात.

आत मी काय पाहिलं ते आता सांगतो. आज सकाळपर्यंत ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नव्हती.

दोन तास चालवलं आम्हाला. जमिनीतून भिंतीसारखी वर आलेली मुळं, वर पानांचं छत, खाली ओलसर अंधार. मी टॉवेल नाकावर दाबून चालत होतो. गोऱ्यांना वाटलं आमच्यात पद्धत असेल. मग लांबून आवाज आला. दस्तगीर, तो आवाज मात्र मी खरा ऐकला. आधी धापा टाकल्यासारखा हू-हू, मग वाढत वाढत ओरडा, मग दुसऱ्या टेकडीवरून जबाब, आणि मध्येच कुणीतरी झाडाच्या मुळावर ढोल बडवल्यासारखं. खासबाग मैदानात निकाली कुस्ती झाल्यावर उठतो तसा.

ग्रेसने हात वर केला. सगळे थांबले. तिने बोट दाखवलं, आठही गोऱ्यांनी माना वर केल्या, आणि त्याच क्षणाला माझ्या घशात खोकला चढला. तुझा रस्सा. तीन वाट्या. मला ती मेलेली पिल्लं आठवली, ग्रेसची बंदूकही आठवली. यातलं कुठलं आधी आठवलं हे मोठेपणा घ्यायला मी लिहू शकलो असतो, पण बंदूक आधी आठवली. मी मागे फिरलो. तीस-चाळीस पावलं मागे जाऊन एका मुळाच्या आडोशाला बसलो, टॉवेल तोंडात कोंबला आणि तोंड गुडघ्यांत घातलं. खोकत राहिलो. डोळ्यांतून, नाकातून पाणी. वर झाडांत फांद्या हलत होत्या, काहीतरी टपटप पडत होतं, गोरे हळू आवाजात आनंदाने मरत होते. मी मान वर केली नाही.

थोड्या वेळाने बूट दिसले. ग्रेस होती. माझ्याकडे बघत राहिली.

"म्हणजे तो नव्हता," ती म्हणाली. "तू होतास."

मी मान हलवली.

"तुझा मित्र आहे तो?"

मी पुन्हा मान हलवली. ती जमिनीवर थुंकली. माझ्यावर नाही, शेजारी. पण अंतर फार नव्हतं. तिने तिच्या मदतनिसाला माझ्याजवळ उभं केलं आणि गोऱ्यांकडे परत गेली. जगभर फिरून तुझ्या तोडीचा हॅ मला एकदाच भेटला, तो त्या बाईच्या तोंडात, आणि तिला तो शब्दही लागला नाही.

गेटवर परतलो तर तू बाकड्यावर नव्हतास. गेटमागचा हातपंप किती महिने बंद होता कोण जाणे. तो तू खोलून, वायसर कापून, चालू करून ठेवला होतास. गार्ड, त्यांच्या बायका, सगळे बादल्या घेऊन उभे. ईदच्या शर्टाला ग्रीस लागलं होतं. मला बघून तू पाना खाली ठेवलास आणि जवळ आलास. तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर राग असता तर फार बरं झालं असतं. नव्हता.

"बघितलंस?"

ग्रेस चार पावलांवर होती. मराठी तिला कळत नव्हती, पण ती बघत होती.

"बघितलं," मी म्हणालो.

"मध काढतंय?"

"काढतंय."

"कुठल्या हातानं?"

"उजव्या."

तू मान हलवलीस, एखाद्या हिशेबी माणसाने समजून घ्यावं तशी. "फोटू?"

"अंधार होता रे. फ्लॅश चालत नव्हता."

चार तासांच्या परतीच्या वाटेवर तू एकच वाक्य बोललास. "रस्सा उतरला का न्हाय नाकातनं?" शिंकेविषयी तू माझ्याशी काढलेला तो पहिला शब्द आणि शेवटचाही. मग उसाचं गळीत सुरू झालं, रजा बंद झाल्या, तुझा करार संपला आणि तू बावड्याला परत आलास. त्या जंगलात तू पुन्हा गेला नाहीस. जायचं कसं, आणि कुणाबरोबर?

मी वर्षभराने परतलो, तोवर गोष्ट पिकून तयार होती. टपरीवर पहिल्यांदा सांगितली तेव्हा तू नव्हतास. दुसऱ्यांदा तू तिथेच बसला होतास, हे मला निम्म्यात कळलं. मी अडखळलो. तू बशीत चहा ओतलास आणि म्हणालास, "सांग की. का थांबलास?" तिथून मला लगाम राहिला नाही. आधी तू एकदा शिंकायचास, मग तीनदा शिंकायला लागलास. मग ग्रेस तुझ्यावर बंदूक रोखायला लागली. जयसिंगपूरला माझ्या मेहुण्याच्या लग्नात तर मी तुला घाबरवून पिकअपखाली घातलं, आणि वऱ्हाडी भडंग खाता खाता गुदमरले. नव्या शतकात आपल्याकडे घरोघरी केबल आली, लोक घरबसल्या वाघसिंह बघायला लागले, तरी माझी गोष्ट चालत होती. कारण तिच्यात तू होतास, आणि लोकांना तू पडलेला बघायचं होतं. ज्यांना ज्यांना तू हॅ म्हणाला होतास, ते सगळे माझ्या गोष्टीत तुझ्यावर हसून घेत होते. मी त्यांची सोय केली.

आणि तू बसायचास. रागाने उठून गेला असतास तर मी थांबलो असतो. एकदा म्हणायचंस, खोटं हाय. तुझ्या शब्दापुढे माझी टिकली नसती. दहा वर्षं मला याचाच राग होता, खरं सांगतो. तुझं गप्प बसणं मला दया वाटायचं, आणि दया मला तुझ्याकडून नको होती. कधी वाटायचं, दया कसली, हा मला एवढासुद्धा मोजत नाही.

फक्त गोष्ट संपली की तू एक प्रश्न विचारायचास. "काडी कुठल्या हातात हुती?" लोकांना वाटायचं, ही आपली दोघांची ठरलेली नक्कल. मी जे तोंडाला येईल ते सांगायचो. तू मान हलवायचास.

महिन्यापूर्वी तुला दवाखान्यात बघायला आलो तो खरं काय ते सांगायचंच ठरवून. जिन्यात वाक्य पाठ केलं होतं. खोलीत रशीदाभाभी होत्या, तुझी सून होती. तुझ्या छातीत पाणी झालं होतं, बोललं की खोकला. तुला तसा निपचित बघून माझं पाठ केलेलं वाक्य गेलं. मी हवापाण्याचं बोलायला लागलो. तेवढ्यात नर्स आत आली आणि वैतागून म्हणाली, "कोण खोकतंय इतकं?"

तू पांघरुणातून हात काढलास. सलाईनची सुई लावलेला हात. सावकाश वर केलास आणि माझ्याकडे बोट दाखवलंस.

सून हसली, नर्स हसली, भाभी हसल्या. मीही हसलो, काय करणार. तू हसला नाहीस. तुझे डोळे मात्र माझ्यावर होते आणि त्यांत, मी शपथेवर सांगतो, मजा होती. दहा वर्षं एक पत्ता हातात धरून बसलेल्या माणसाने तो शेवटच्या डावाला टाकावा तशी. मग तू दमून डोळे मिटलेस आणि म्हणालास, "सांग त्यास्नी. माकडाची."

आणि मी सांगितली. तुझ्या खाटेशेजारी बसून, तुझ्या सुनेला, तुझ्या बायकोला, तू शिंकलास म्हणून सांगितलं. शेवटी तू विचारलंस, "कुठल्या हातात?" मी म्हणालो, "डाव्या."

"डाव्या," तू म्हणालास.

त्यानंतर तुझी भेट झाली ती माती देताना.

आज सकाळी बावड्याला गेलो. कालच्या सभेनंतर झोप लागली नव्हती, तोंड धुतलं आणि निघालो. भाभी अंगणात गहू निवडत होत्या. मी बसलो नाही. उभ्यानेच म्हणालो, "भाभी, गेटवर शिंक माझी होती. मी दस्तगीरवर ढकलली. आणि आत मी काही बघितलं नाही. एक केससुद्धा बघितला नाही."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "बसा भाऊ," म्हणाल्या. "म्हायती हाय."

"काय माहीत आहे?"

"शिंकेचं तर त्येंनी आल्या दिवशीच सांगितलं हुतं. आनि तुमी बघितलं न्हाई त्ये मागनं कळलं त्येंना. म्हनायचे, दर टायमाला हात बदलतोय. येकदा उजवा, येकदा डावा. ज्यानं खरंच बघितलंय त्येला हात इसरत न्हाई."

मी बसलो. गव्हातले खडे बघत राहिलो.

"मग मला कधी बोलला कसा नाही तो?"

भाभींनी मूठभर गहू सुपात घेतले. "मी म्हनलं हुतं त्येंना. लोकं हसत्यात तुमाला, खरं काय त्ये सांगून टाका की. तर म्हनले, सांगू दे त्येला. त्या बिचाऱ्याकडं दुसरं हाय तरी काय सांगायला."

दस्तगीर, माझा इतका मोठा अपमान आयुष्यात कुणी केला नाही. आणि इतकी वर्षं इतकं सांभाळून मला कुणी वागवलंही नाही. दोन्ही एकाच वाक्यात बसवणं हे तुझंच काम, मापात मोडून. मी अंगणात तुझ्या बायकोसमोर रडलो, आणि त्या माउलीने मला चहा करून पाजला. तुला कळलं असतं तर तू तेही टपरीवर कुणाला सांगितलं नसतंस.

तिथून सरळ टपरीवर गेलो. कालच्या सभेतले पाच-सहाजण होतेच. मी म्हणालो, ऐका, ती गोष्ट खोटी होती, आता खरी ऐका. सगळी सांगितली, टॉवेलापर्यंत, थुंकीपर्यंत. कुणी हसलं नाही. मला वाटलं, चला, पोचलं. मग टपरीवाला गाळणं झटकत म्हणाला, "साहेब, मेलेल्या मानसाला मोठं करायचं म्हणून तुमी बोलताय. चांगलं मन हाय तुमचं. पर शिंकला दस्तगीरच."

"अहो, मी शिंकलो."

"हॅ," तो म्हणाला.

बाकीच्यांनी माना डोलावल्या. पहिलीच भारी होती, एकजण म्हणाला. पिकअपखाली घुसलेला दस्तगीर त्यांना पाहिजे आहे. तो मी त्यांना इतका चांगला करून दिलाय की आता मीच परत मागायला गेलो तरी ते देत नाहीत. म्हणून लिहिलं. बोललेलं माझं कुणी खरं मानत नाही. छापलेलं तरी कुणी मानेल.

तुझा कॅमेरा अजून माझ्याकडे आहे. रोल आतच होता. मी तो कधी धुवायला दिला नाही, कारण त्यात काय आहे ते मला माहीत होतं: काही नाही. उद्या तो भाभींना नेऊन देतो.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर. उशीर झालाय, पण हे एकदाच देतोय आणि बदलणार नाही. काडी कुठल्या हातात होती मला माहीत नाही, दस्तगीर. तू असतास तर बघितलं असतंस.